हिरवी भिंत आणि गणपतीआधीची रंगरंगोटी

प्रश्न : आमचे घर लांजा तालुक्यात आहे. सासऱ्यांनी साधारण पन्नास वर्षांपूर्वी बांधलेले, चिऱ्याचे (म्हणजे जांभ्या दगडाचे) आणि मंगलोरी कौलांचे. आम्ही डोंबिवलीला राहतो. गणपती, शिमगा आणि मे महिना एवढ्यापुरतेच घर उघडते. तीन वर्षांपूर्वी पश्चिमेच्या आणि उत्तरेच्या भिंतींना बाहेरून सिमेंटचा गिलावा करून वर चकचकीत वॉटरप्रूफ रंग दिला, तोही गणपतीच्या तोंडावर घाईघाईने. आता रंगाला फुगे आले आहेत, पापुद्रे सुटत आहेत, उत्तरेची भिंत हिरवी-काळी झाली आहे आणि आतल्या खोलीत कुबट वास येतो. दर्शनी भिंत अजून उघड्या चिऱ्याची आहे. तिच्यावर शेवाळ आहे, पण आत ओल येत नाही. ठेकेदार भिंतींना टाइल्स लावा म्हणतो. दीर म्हणतात की, गिलावा काढून सगळा चिरा उघडा करावा आणि वर पॉलिश मारावे. यजमानांना माकडांच्या त्रासामुळे कौले उतरवून पत्रे घालायचे आहेत. शेवाळ कायमचे जाईल असा उपाय कोणता, आणि पैसा आधी कुठे घालावा? (नाव छापू नये.)

उत्तर : स. न. वि. वि.

आपल्या पत्रातील एक तपशील आपण ओघात लिहून गेला आहात, पण माझे उत्तर मुख्यतः त्याच्यावरच उभे आहे. दर्शनी भिंतीचा चिरा उघडा आहे, त्याच्यावर शेवाळ आहे आणि तरीही आत ओल नाही. ज्या दोन भिंतींना गिलावा आणि जलरोधक रंग असा दुहेरी बंदोबस्त केला, नेमक्या त्याच भिंतींच्या आड कुबट वास येतो. म्हणजे शेवाळ आणि ओल यांचा संबंध आपण सगळे समजतो तितका सरळ नाही. शेवाळ डोळ्यांना खुपते म्हणून आपण त्याच्यामागे लागतो आणि भिंतीच्या पोटात साठलेल्या पाण्याकडे दुर्लक्ष होते. तीन वर्षांपूर्वी आपल्या घराच्या बाबतीत हेच झाले असावे.

शेवाळ कायमचे घालवण्याचा उपाय नाही. जो ठेकेदार तशी हमी देतो, त्याच्याकडून ती कागदावर लिहून मागावी; बहुधा विषय तिथेच संपेल. आपल्या भागात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. शेवाळाला खरी मुळे नसतात. जे बारीक तंतू दिसतात ते केवळ धरून राहण्यासाठी असतात, आणि पाणी ते सर्वांगाने शोषून घेते. त्यामुळे त्याला मातीची गरज पडत नाही. खडबडीत पृष्ठभाग, सावली, ओलावा आणि चिमूटभर धूळ एवढ्यावर त्याचे भागते. दिवाळीनंतर ते वाळून काळपट होते आणि मेले असे वाटते, पण मृगाच्या पहिल्या सरी पडल्या की तेच वाळलेले शेवाळ पुन्हा हिरवे होते. भिंतीवर वरून खाली आलेले काळे ओघळ मात्र बहुतेक वेळा त्याहून सूक्ष्म अशा शैवालाचे असतात आणि राखाडी-पांढरट चट्टे दगडफुलाचे. शेवाळ घराची नासाडी करते, ही भीती इंटरनेटवरच्या चित्रफिती पाहून वाढली आहे. त्यांतील पुष्कळशा थंड देशांतल्या असतात, जिथे शेवाळात धरून राहिलेले पाणी हिवाळ्यात गोठते, प्रसरण पावते आणि कौले तडकवते. लांज्यात पाणी गोठत नाही. इथे शेवाळाचा खरा उपद्रव एवढाच, की ते पृष्ठभाग अधिक काळ ओला ठेवते, कौलांच्या पन्हळींत पाणी अडवते आणि पायाखालचे घसरडे करते. त्याच्यापेक्षा कितीतरी अधिक नुकसान पक्ष्यांच्या विष्ठेतून सांध्यांत रुजणारे पिंपळ, वड आणि उंबर करतात. पिंपळाचे रोप दोन-चार पानांचे असताना मुळासकट उपटावे; नुसते कापलेले रोप पुढच्या पावसात दुप्पट जोमाने फुटते आणि त्याचे मूळ सांधा रुंदावत आत जात राहते.

आता भिंतीकडे वळू. चिरा हा सच्छिद्र दगड आहे. भारतीय मानक ३६२० नुसार बांधकामाच्या चिऱ्याने स्वतःच्या वजनाच्या १२ टक्क्यांपेक्षा अधिक पाणी शोषता कामा नये, म्हणजेच चांगला मानलेला चिराही बरेच पाणी पिऊ शकतो. हे आपल्याला घरीही पाहता येईल : परसात पडलेला एखादा कोरडा चिरा वजन करून चोवीस तास पाण्यात बुडवून ठेवावा आणि पुन्हा वजन करावे. त्यामुळे कोकणातल्या जुन्या घरांनी चिऱ्यात पाणी शिरूच नये असा अट्टहास धरला नाही. शिरलेले पाणी उघडीप मिळताच बाहेर पडेल, एवढी सोय ठेवली. आपल्या दोन भिंतींवर ही सोय बंद झाली. सिमेंटचे प्रमाण जास्त असलेला कडक गिलावा वाळताना आकसतो आणि त्याला केसासारख्या भेगा पडतात. पश्चिमेची झड त्या भेगांतून पाणी आत ढकलते, चिरा ते पितो, आणि बाहेरचा रबरासारखा रंग त्याला परत जाऊ देत नाही. ऑक्टोबरच्या उन्हात भिंत तापली की आतल्या पाण्याची वाफ रंगाला आतून रेटते. ते आपण पाहिलेले फुगे. उरलेली ओल खोलीच्या बाजूने बाहेर पडते आणि घर बंद असल्यामुळे तिथेच घुटमळते.

मग दिरांचे म्हणणे मान्य करून सगळा चिरा उघडा करावा का? दर्शनी भिंत आहे तशी उघडी ठेवण्यास माझी हरकत नाही, परंतु पश्चिमेची भिंत उघडी करू नये. जुन्या गोव्यातील बॉम जेझू बासिलिकेचे उदाहरण या बाबतीत डोळ्यांसमोर ठेवण्याजोगे आहे. १६०५ साली पूर्ण झालेल्या या चर्चच्या चिऱ्यावर चुन्याचा गिलावा होता. विसाव्या शतकाच्या मध्यास, पोर्तुगीज अमदानीतच, दगडाचे मूळ रूप दिसावे म्हणून तो काढण्यात आला. तेव्हापासून पावसाने उघड्या चिऱ्याची झीज होत असल्याची चिंता तेथे वारंवार व्यक्त होते आणि गिलावा पुन्हा करावा की नाही, यावर जाणकारांत वाद आहे. आज तांबूस दगडाचे ते रूप पाहून पुष्कळजण आपल्या बंगल्याचा चिरा उघडा ठेवतात. तो चिरा मुळात झाकण्यासाठीच रचला होता, हे त्यांना कुणी सांगितलेले नसते. आपल्या दर्शनी भिंतीपुढे बहुधा ओटी किंवा पडवी असेल आणि तिच्यावर पावसाचा थेट मारा होत नसेल, म्हणून ती टिकली. खाणीतून काढताना मऊ असलेला चिरा हवेत राहून कठीण होतो हे खरे, पण सगळे चिरे सारख्या प्रतीचे नसतात. लोखंडी खिळ्याने ओरखडून पाहावे : नुसती रेघ उमटली तर दगड चांगला, पिवळी-पांढरी माती भुरभुर गळू लागली तर तो चिरा पावसात उघडा ठेवण्याच्या लायकीचा नाही.

पॉलिशबद्दल मात्र स्पष्ट नकार देतो. चमकणारे वॉर्निश आणि रंगाच्या दुकानात चिऱ्यासाठी म्हणून खपवले जाणारे तकतकीत लेप दोन पावसाळ्यांत पांढरट पडतात आणि सोलतात, कारण तेही भिंतीतली वाफ अडवतात. उघड्या चिऱ्याला काही लावायचेच असेल तर सिलेन-सिलॉक्सेन जातीचे, पाणी झटकणारे द्रावण मागावे. ते दगडात मुरते, वर थर धरत नाही आणि वाफ जाऊ देते. लावून वाळल्यावर दगडाचा रंग आणि पोत आधीसारखाच दिसला पाहिजे. दगड तुकतुकीत दिसू लागला तर दुकानदाराने दुसरेच काही हाती दिले आहे, असे समजावे. हे द्रावण पूर्ण कोरड्या भिंतीवरच लावायचे असते, ते उघडे सांधे बुजवत नाही आणि काही वर्षांनी पुन्हा लावावे लागते. म्हणून आधी सांध्यांच्या दरजा, म्हणजे फटी, भरून घ्याव्यात.

गिलावा केलेल्या दोन भिंतींचे काम असे करावे. गणपतीला फक्त पाहणी करावी, कामाला हात लावू नये. हातोडीच्या लाकडी मुठीने भिंत ठिकठिकाणी ठोकत जावी. जिथे बद्द, पोकळ आवाज येतो तिथे खडूने खूण करावी. दिवाळीनंतर तेवढाच गिलावा काढावा, बाकीच्या भिंतीवरचा रंग मात्र सगळीकडे खरवडून टाकावा. त्यानंतर भिंत तशीच उघडी राहू द्यावी, निदान फेब्रुवारीपर्यंत. गवंडी कंटाळेल आणि शेजारी चौकशी करतील, पण या टप्प्याला पर्याय नाही. भिंत सुकली की नाही हे पाहण्यासाठी दीड फूट लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवावा आणि एक दिवस-रात्र तसाच ठेवावा. दुसऱ्या दिवशी त्याच्या आतल्या बाजूला दव धरलेले दिसले, तर भिंत अजून ओली आहे.

नव्या गिलाव्यात सिमेंट कमी आणि चुना असावा. एक भाग सिमेंट, एक भाग चुना आणि सहा भाग वाळू हे प्रमाण अशा भिंतीला मानवते. गवंडी एकास तीनचा आग्रह धरेल, कारण तो माल हाताला चांगला लागतो आणि लगेच कडक दिसतो. चिऱ्याच्या भिंतीवर त्याचा हट्ट चालू देऊ नये. वाळू नदीची किंवा धुतलेली असावी. खाडीची रेती स्वस्त मिळते, पण तिच्यातल्या मिठामुळे भिंतीला लोणा लागतो आणि पांढरी बुकटी वर्षानुवर्षे सुटत राहते. वरून कोऱ्या सिमेंटची घोटाई करू नये, कारण त्या गुळगुळीत सालीलाच आधी भेगा पडतात. स्पंजाने किंवा लाकडी थापीने साधी पुसाई पुरेशी आहे. पाणी मारणे चुकवू नये, आणि त्यानंतर रंगाआधी चार आठवडे तरी जाऊ द्यावेत.

रंगाच्या बाबतीत उत्तरेच्या भिंतीला माझी पहिली पसंती साध्या चुन्याला आहे. चुना तीव्र अल्कधर्मी असल्यामुळे ताज्या चुन्यावर शैवाल लवकर धरत नाही, तो वाफ अडवत नाही आणि त्याचा खर्च इतका कमी, की दरवर्षी एक हात मारणे परवडते. चुना चांगला विरवून, गाळून, त्यात तांदळाची पेज किंवा डिंक घालावा म्हणजे तो हाताला कमी लागतो. त्याची अडचण अशी, की झडीच्या बाजूला तो लवकर धुपतो आणि प्लॅस्टिक जातीच्या जुन्या रंगावर मुळीच धरत नाही. म्हणूनच वर रंग खरवडण्याचा आग्रह धरला. पश्चिमेच्या भिंतीला पाण्यात कालवायचा सिमेंट रंग किंवा बाहेरच्या भिंतींसाठीचा साधा, बिनचमकीचा अॅक्रिलिक इमल्शन चालेल. त्यातले शैवालरोधक औषध पावसाबरोबर हळूहळू धुऊन जाते, त्यामुळे डब्यावर छापलेल्या वर्षांवर विसंबू नये. जाड, रबरी, भेगा झाकणारे म्हणून विकले जाणारे लेप या घराला पुन्हा लावू नयेत.

गणपतीआधीच्या रंगरंगोटीबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण ही केवळ आपल्या घराची कथा नाही. चाकरमानी येणार, पाहुणे येणार, आरतीला गाव येणार म्हणून श्रावणात भिंती रंगवण्याची आपल्याकडे रीतच पडली आहे. त्या वेळी भिंत वर्षातली सर्वाधिक ओली असते. चार दिवस ऊन पडले तरी फक्त वरची साल सुकते, पोटातले पाणी तसेच असते, आणि त्याच्यावर चढवलेला रंग ते कोंडून घालतो. घर सजवण्याची हौस पडवीच्या आतल्या भिंतीला चुना काढून, दारा-खिडक्या पुसून आणि गणपतीवरची पाना-फळांची माटवी बांधून भागवावी. बाहेरचे रंगकाम फेब्रुवारी ते एप्रिल या काळातच उरकावे. मे महिन्यात शाकारणी आणि मुलांची सुट्टी यांतून हात मोकळा होत नाही, आणि वळवाचा पाऊस कधी गाठेल याचाही भरवसा नसतो.

यापेक्षा महत्त्वाचा भाग मात्र भिंतीच्या बाहेर आहे. या गणपतीला जोराचा पाऊस असेल तेव्हा छत्री घेऊन अर्धा तास घराभोवती उभे राहावे आणि पाणी कुठून कुठे जाते ते नुसते पाहावे. पागोळ्या जोत्यापासून किती अंतरावर पडतात? खाली कोबा किंवा पेव्हर असेल तर प्रत्येक थेंब उसळून भिंतीवर किती उंच जातो? भिंतीचा खालचा दीड-दोन फुटांचा पट्टा सर्वांत हिरवा दिसत असेल तर तो जमिनीतून चढलेल्या ओलीपेक्षा या उसळत्या पाण्याचा प्रताप असण्याची शक्यता अधिक. अलीकडे अंगणात कोब्यावर कोबा, त्यावर पेव्हर असे करत जमीन उंचावते आणि जोते बुडत जाते. आपल्याकडे तसे झाले असेल तर भिंतीलगतचा दोन फुटांचा पट्टा उकरून पुन्हा खाली न्यावा आणि पागोळ्यांच्या रेषेत जाड खडी पसरावी. खडीवर पडलेले पाणी उसळत नाही. त्याच्या बाहेर घरापासून दूर उतार देऊन चर काढावा. वळचण भिंतीपासून दोन ते अडीच फूट पुढे हवी; ती कमी असेल तर वासे जोडून कौलांची एक-दोन ओळ वाढवणे हा कोणत्याही रंगापेक्षा टिकाऊ खर्च आहे. पन्हळी लावल्या तर त्या मे महिन्यात आणि पुन्हा श्रावणात साफ झाल्या पाहिजेत, कारण आंब्या-फणसाच्या पाल्याने तुंबलेली पन्हळ सगळे पाणी नेमके भिंतीवर ओतते. बंद घराला हे जमणार नसेल तर पन्हळ न लावलेली बरी. खिडक्यांवरच्या सिमेंटच्या छज्ज्याला खालच्या अंगाने, कडेपासून इंचभर आत, बोटभर खाच आहे का हेही पाहावे. ती नसेल तर पाणी छज्ज्याच्या पोटाला चिकटून भिंतीपर्यंत सरकत येते.

उत्तरेच्या भिंतीचा हिरवेपणा त्रासदायक असला तरी समजण्यासारखा आहे. पावसाचा मारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून होतो, पण पाऊस ओसरेपर्यंत सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, आणि उत्तरेच्या भिंतीला हिवाळाभर थेट ऊन लागत नाही. तिच्याजवळ फणसाची फांदी किंवा केळीचे बन असेल तर ते मागे सारावे. वारा खेळला तरी निम्मे काम होते. पश्चिमेच्या बाजूला पूर्वी पावसाळ्याआधी माडाच्या चुडतांची झापे विणून बांधत. त्यांच्याइतका झडीचा स्वस्त बंदोबस्त आजही दुसरा नाही, आणि भिंतीपासून थोडे अंतर सोडून बांधली तर मागे हवा खेळती राहते. हिरव्या प्लॅस्टिकची ताडपत्री लोक भिंतीला चिकटवून बांधतात, तसे करू नये.

शेवाळ काढायचे ते कोरडे असताना, पौष-माघात. तेव्हा ते बांबूच्या चपट्या कामटीने किंवा नारळाच्या काथ्याच्या ब्रशाने सहज सुटते. तारेचा ब्रश वापरू नये; त्याचे लोखंडी कण दगडात रुतून गंजतात. उच्च दाबाने पाणी मारणारे यंत्र भाड्याने आणण्याचा मोहही टाळावा, कारण त्या धारेने शेवाळाबरोबर चिऱ्याची साल आणि सांध्यातला चुनाही निघून जातो. खरवडल्यानंतर उरलेल्या हिरव्या-काळ्या थरासाठी गावात विहिरीत टाकतात ती ब्लीचिंग पावडर पुरते. दहा लिटर पाण्यात सुमारे तीनशे ग्रॅम कालवून गाळ बसू द्यावा, वरची निवळी भिंतीला लावावी, पंधरा-वीस मिनिटांनी घासून साध्या पाण्याने धुवावी. हातमोजे आणि चष्मा हवाच. विहिरीवर झाकण घालावे आणि भिंतीलगतची झाडे आधी पाण्याने भिजवून घ्यावीत. संडास धुण्याचे अॅसिड त्यात कधीही मिसळू नये, त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि तो जीवावर बेतू शकतो. पावडर ताजी असावी, कारण पावसाळी हवेत उघडी राहिलेली पिशवी निकामी झालेली असते.

कौलांविषयी यजमानांची तक्रार रास्त आहे. माकडांनी एका दुपारी केलेली कौलांची मोडतोड पाहिल्यावर पत्र्याचा विचार कुणाच्याही मनात येईल. तरीही सरसकट पत्रा घालण्याआधी थोडे थांबावे. कौलांच्या फटींतून घराला हवा मिळते. पत्रा उन्हात तापतो, रात्री खालून दव धरतो, आणि आपल्यासारख्या बंद घरात ते दव वाशांवर ठिबकत राहते. ३ जून २०२० रोजीच्या निसर्ग चक्रीवादळात दापोली-श्रीवर्धनच्या पट्ट्यात पत्रे आणि कौले दोन्ही उडाली. मात्र उडालेली कौले जागेवर पडून फुटतात, आणि उडालेला पत्रा शेजाऱ्याच्या अंगणात जातो, हा फरक विसरू नये. मला सुचतो तो मधला मार्ग असा, की वाशांवर रंगीत लेपाचा चांगल्या जाडीचा पत्रा बसवावा, त्यावर उताराच्या दिशेने आणि मग आडव्या अशा दोन थरांत रिपा (लाकडी पट्ट्या) माराव्यात आणि जुनी कौले त्यांवर पुन्हा चढवावीत. कौल फुटले तरी पाणी आत येत नाही, दोन थरांमधून हवा फिरते आणि घराचे रूपही कायम राहते. रिपा उताराच्या दिशेने आधी न मारता थेट आडव्या मारल्या, तर प्रत्येक रिपेपाशी पाणी आणि पाला अडून पत्रा कुजेल. हे सुताराला आधीच समजावून सांगावे. वजन वाढते, म्हणून वासे आधी टोचून तपासावेत. खर्च झेपणार नसेल तर फक्त मागच्या पडवीवर पत्रा घालून तिथली शाबूत कौले मुख्य छपरासाठी राखून ठेवावीत, कारण जुन्या साच्याशी जुळणारे कौल आता शोधावे लागते. कौलांवरच्या शेवाळासाठी आढ्याजवळ तांब्याची पट्टी बसवण्याचा उपाय परदेशात रूढ आहे आणि तो खराही आहे; पावसाबरोबर उतरणारा तांब्याचा अंश शेवाळाला रोखतो. पण त्या पाण्याने खालच्या जस्ताच्या पन्हळी खाल्ल्या जातात, आणि बंद घरावरचे तांबे किती दिवस जागेवर राहील याची मला शंका आहे. शाकारणीच्या वेळी कौले उतरवून खराट्याने घासणे पुरेसे.

टाइल्सच्या प्रस्तावाबद्दल फार लिहीत नाही. ओल्या भिंतीवर टाइल म्हणजे आज दिसणारा बिघाड उद्या न दिसेल अशी व्यवस्था. पैसा आधी वळचण, चर आणि खडी यांवर घालावा, मग छपरावर, त्यानंतर गिलाव्यावर. रंग सर्वांत शेवटी, आणि त्या वर्षी पैसे उरले नाहीत तर नुसता चुना. आतल्या कुबट वासावर बाहेरचा कोणताही उपाय एकटा पुरणार नाही. पूर्वी रोजची चूल पेटत असे आणि धुराने वासे कोरडे राहत; आता ती सोय नाही. म्हणून शेजारच्या कुणाकडे किल्ली देऊन, त्याचे रीतसर पैसे ठरवून, पावसाच्या प्रत्येक उघडिपीला खिडक्या उघडण्यास सांगावे आणि दोन समोरासमोरच्या भिंतींत छपराखाली जाळी बसवून हवेला कायमची वाट ठेवावी. कपाटे आणि पेट्या उत्तरेच्या भिंतीपासून वीतभर पुढे ओढाव्यात.

एक गोष्ट आपण विचारलेली नाही, पण गणपतीला घरात वयस्कर माणसे येत असतील तर ती पुढे ढकलून चालणार नाही. विहिरीकडची वाट आणि ओटीच्या पायऱ्या यांवरचे शेवाळ मात्र पावसाळ्यातही काढावेच लागते, आणि त्यासाठी घरच्यांच्या चार दिवस आधी एका माणसाला पाठवून ब्लीचिंग पावडर आणि खराट्याने घासून घ्यावे. पायऱ्यांवर गुळगुळीत कडप्पा किंवा ग्रॅनाइट बसवलेला असेल, तर पाथरवटाकडून त्याच्यावर छिन्नीने टाके घालून घ्यावेत आणि एका बाजूला हाताला येईल असा बांबूचा कठडा या सणाआधीच बांधावा.